राहुटीतला मॅनेजर

गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावात यात्रांच्या सुपाऱ्या (बुकिंग) घ्यायला तमाशाच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर फडमालकाच्या नाहीतर मालकिणीच्या फोटोचा फलक असतो आणि आत मॅनेजर असतो. फलकावरचे चेहरे वेगवेगळे. मॅनेजर मात्र कुठल्याही राहुटीत शिरा, एकच. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं (त्यातलं एक चालणारं), कपाळाला अष्टगंध, मांडीवर पंचांग आणि पंचांगाखाली डायरी. त्याला इथे नाव देत नाही. जुन्नर-आंबेगावातल्या कुठल्याही यात्रा कमिटीला विचारा, तुमच्याआधी तीच त्याची नक्कल करून दाखवील.

पंचांग देवधर्मासाठी नसतं. चैत्री पौर्णिमा आणि कालाष्टमी या तिथींना एकाच रात्री गावोगावच्या यात्रा येतात, आणि फड तर एका रात्री एकाच गावात उभा राहू शकतो. त्यामुळे तिथी बघितल्याशिवाय मॅनेजरच्या तोंडून आकडा निघत नाही. कालाष्टमीला जो फड लाखाच्या खाली ऐकून घेत नाही, तोच चार दिवसांनी "तुमच्या शब्दाखातर" निम्म्यावर येतो. शब्द कोणी दिलेला नसतो, पण त्याची खातर होते.

"या अध्यक्ष, बसा. पोरा, चहा सांग. कुठलं गाव? घोडेगावकडचं? वा! दर्दी पब्लिक."

सगळ्या गावांचं पब्लिक दर्दी असतं. मागच्या साली ज्या गावात खुर्च्या उडाल्या, तिथलं जरा जास्तच.

मग करारनामा निघतो. छापील. १०० रुपयांचा स्टॅम्प २०२४च्या ऑक्टोबरात सरकारने ५०० चा केला, तेव्हापासून मॅनेजर स्टॅम्पचा खर्च कमिटीच्या अंगावर ढकलतो. "तुम्हाला पाहिजे तर आणा. आमचा शब्द आहे." करारनाम्याची कलमं मात्र वाचण्यासारखी. पाऊस आला तर पूर्ण सुपारी. दहाच्या ठोक्याला पोलिसांनी लाउडस्पीकर बंद केला तर पूर्ण सुपारी. गावात मारामारी झाली तर पूर्ण सुपारी, फुटलेल्या ट्यूबा वेगळ्या.

"मग अर्धी सुपारी कधी?" अध्यक्ष विचारतात.

"कार्यक्रम झाला नाही तर."

"पण हे सगळं झालं म्हणजे कार्यक्रम झालाच नाही की!"

"असं कसं? आम्ही आलो होतो ना."

खरं भांडण हजेरीवर होतं. रात्री गण-गवळण, बतावणी, वग झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ढोलकी कडाडायची, ती हजेरी. ती उरकली की कुस्त्यांचा आखाडा. कमिटीच्या मते हजेरी सुपारीतच आली, आजोबांच्या काळापासून येते. मॅनेजरच्या मते रात्र ती रात्र, दिवस तो दिवस. कागदावर याबद्दल एक ओळ नसते. ती नसावी अशी दोघांचीही इच्छा असते, कारण मोघम कलमाचा फायदा आपल्यालाच होणार याची दोघांनाही खात्री असते.

हल्ली कमिटीबरोबर एक भाचा येतो. पुण्यात सीएच्या हाताखाली काम करतो. देवस्थान नोंदणीकृत ट्रस्ट आहे, तेव्हा टीडीएस कापावा लागेल, असं तो म्हणतो. मॅनेजरला टीडीएस माहीत नाही असं नाही. माहीत आहे म्हणूनच तो ऐकू येत नसल्यासारखं करतो. भाचा चिकाटीचा. फडमालकाशी केलेलं कंत्राट धरलं तर एक टक्का, व्यावसायिक सेवा धरली तर दहा, आणि पॅन नंबर दिलाच नाही तर सरळ वीस.

"पॅन मालकाकडे आहे."

"मालक कुठायत?"

"दौऱ्यावर."

मग जीएसटी. इथे मात्र मॅनेजर ताठ बसतो, कारण हे कलम त्याचं पाठ आहे. लोककलेच्या किंवा शास्त्रीय कलेच्या सादरीकरणासाठी कलाकाराने घेतलेलं मानधन दीड लाखाच्या आत असेल तर त्यावर जीएसटी नाही. या एका सवलतीमुळे करारनाम्यावर १ लाख ४९ हजार हा आकडा फार लोकप्रिय आहे. ट्रकचं डिझेल, जनरेटर, जेवणं हे सगळं मग तोंडी. पण भाचा म्हणतो, सवलत लोककलेला आहे, तुम्ही तर निम्मी रात्र सिनेमाची गाणी लावता. यावर मॅनेजर बाहेर उभ्या तरण्या पोरांकडे बोट करतो. "ही बघा तुमच्याच गावची पोरं. गवळण सुरू झाली की शिट्ट्या मारून बंद पाडतात. गणाला माफी आहे साहेब, यांच्या फर्माइशीला सरकारनं माफी दिली नाही तर मी काय करू?" मला त्याचं हे म्हणणं पटतं. कलेची व्याख्या राजपत्रात असते आणि मागणी मंडपात.

दौलतजादा, म्हणजे प्रेक्षकांनी खूश होऊन दिलेल्या नोटा, हेही उत्पन्नच, असं भाचा सांगू लागतो तेव्हा अध्यक्षच त्याला गप्प करतात. त्यात त्यांच्याही नोटा असतात.

पण मॅनेजरची खरी करामत कमिटीपुढे दिसत नाही. ती माणसांच्या मोजणीत आहे. गिऱ्हाइकापुढे तो छाती फुगवतो : "साठ माणसांचा ताफा आहे आपला. एवढी माणसं पोसतो आपण." आस्थापनेत वीस माणसं झाली की भविष्य निर्वाह निधीचा कायदा दारात येतो. त्याच मॅनेजरला कोणी या निधीचं विचारलं, की साठातला एकही शिल्लक राहत नाही. "आमच्याकडे नोकर कोणीच नाही. सगळे स्वतंत्र कलावंत. मनाचे राजे." ढोलकीवाला स्वतंत्र, सोंगाड्या स्वतंत्र, नाचणाऱ्या मुली स्वतंत्र, खुंट्या ठोकणारा बिगारीसुद्धा स्वतंत्र.

आता यातला ढोलकीवाला मनाचा राजा म्हणून दुसऱ्या फडात निघाला तर? त्यासाठी डायरीची मागची पानं आहेत. तिथे उचल लिहिलेली असते. हंगामाच्या तोंडाला बहिणीचं लग्न, म्हाताऱ्याचं ऑपरेशन, घरावरचे पत्रे, यासाठी घेतलेली. ती कामातून फिटायची, आणि फिटत आली की पुढच्या हंगामाची वर चढायची.

"जा की! तू काय आमचा बांधलेला आहेस? उचल ठेव न् जा."

ती ठेवतो नवीन फडाचा मॅनेजर. म्हणजे माणूस जातो तो कर्जासकट, सातबाऱ्यावरच्या बोज्यासारखा. कर्जाच्या बदल्यात माणूस अडकवून ठेवणं १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने बंद केलं आहे. हे कोणी बोललं तर मॅनेजर दुखावतो. "वेठबिगार? अहो, टाळ्या मिळतात त्याला!"

रजेचं तर विचारूच नका. ताप आलेल्या बाईला तो विठाबाईंची गोष्ट सांगतो. विठाबाई नारायणगावकर कार्यक्रमाच्या मध्येच बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ती. साऱ्या महाराष्ट्राला माहीत असलेली ही कथा मॅनेजरने रजेच्या नियमावलीत घातली आहे. राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळालेल्या त्याच विठाबाईंचे शेवटचे दिवस हलाखीत गेले आणि २००२च्या जानेवारीत त्या गेल्या, हा उत्तरार्ध तो सांगत नाही. पन्नाशीनंतर कलावंताला सरकारचं महिना ५,००० रुपये मानधन मिळू शकतं. त्यासाठी आपण आयुष्यभर कला केली याचे पुरावे जोडावे लागतात. कुठल्या फडात, कोणत्या साली? डायऱ्या मॅनेजरकडे, आणि जुन्या डायऱ्या रद्दीत.

तर राहुटीत भाच्याने शेवटी सहज विचारलं, "मॅनेजर, तुमचा पगार किती?"

"पगार कसला? सुपारीमागे कमिशन."

"म्हणजे तुम्हीही स्वतंत्रच. कमिशनवर टीडीएस दोन टक्के..."

मॅनेजरने डायरी मिटली, पंचांग उघडलं आणि पुढच्या गावाला आत बोलावलं.

तो वाईट माणूस नाही. २०२० आणि २०२१ साली कोरोनाने यात्रा बंद पडल्या, राहुट्या लागल्या नाहीत, तेव्हा फडांबरोबर त्याचंही कमिशन बुडालं आणि त्याला विचारायला कोणी आलं नाही. एवढी कायद्याची अक्कल असलेल्या माणसाने त्यातली थोडी साठ माणसांसाठी वापरली असती तर बरं झालं असतं, इतकंच. यंदा सुपारी द्यायला जाल तेव्हा पैसे बँकेतून द्या, पावती मागा, पॅन नंबर लिहून घ्या आणि फडातल्या कलावंतांची नावं करारनाम्याला जोडायला लावा. पुढे त्यांना पुरावा म्हणून कामी येतील. आणि हजेरी सुपारीत धरली आहे की नाही, ते सही करायच्या आधी लिहून घ्या.