एंगेजमेंट झाली, लग्न कधी?

"काका, या तिमाहीत आपली एंगेजमेंट तिप्पट झाली!"

मी हातातला चहा खाली ठेवला आणि म्हणालो, "अभिनंदन! मुलगा काय करतो?"

सिल्वासातल्या आमलीत एका हॉटेलात आम्ही बसलो होतो. समोरची मुलगी एका सामाजिक संस्थेचं 'डिजिटल' सांभाळते. पुण्याची आहे, हुशार आहे, मनानं स्वच्छ आहे आणि माझ्यासारख्या माणसाला नवं जग समजावून सांगण्याइतका संयम तिच्याजवळ आहे. तिनं समजावलं. एंगेजमेंट म्हणजे किती लोकांनी अंगठा दाखवला, किती जणांनी बदाम पाठवला, किती जणांनी आपली पोस्ट पुढे ढकलली आणि अंगठा वर सरकवण्याआधी माणूस किती सेकंद थबकला. आमच्या घरात एंगेजमेंट म्हणजे साखरपुडा. त्यात नारळ लागतो, साडी लागते आणि त्यानंतर पळायची सोय राहत नाही. इथे हजारोंशी साखरपुडा झालेला आणि कार्यालय बुक करायची वेळ एकाशीही आलेली नाही. मी गप्प बसलो. तिप्पट झाली म्हणताना तिचा चेहरा खरंच फुलला होता.

सिल्वासात संस्था का फुलतात हे बाहेरच्यांना कळत नाही. कारण सोपं आहे. आमली, पिपरिया, मसाट, राखोली, जिकडे बघाल तिकडे कारखान्यांच्या शेड आहेत. १ एप्रिल २०१४ पासून कायदा असा की ज्या कंपनीचा वर्षाचा निव्वळ नफा पाच कोटी किंवा उलाढाल हजार कोटी किंवा नक्त मत्ता पाचशे कोटी, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्च करायचे. शिवाय कंपनी जिथे काम करते त्या स्थानिक भागाला प्राधान्य द्यायचं. तेव्हा मार्च महिन्यात आमच्याकडे दोनच गोष्टींना बहर येतो. आंब्याला आणि दप्तरवाटपाला. आंबा एखाद्या वर्षी दगा देतो.

त्या मुलीच्या आग्रहाखातर मीही एका वाटपाला गेलो. खानवेलच्या पुढे, मांदोनीच्या अंगाला एक पाडा. वह्या होत्या, पेन्सिली होत्या, केळी होती आणि एक फ्लेक्स होता. फ्लेक्सला चारी बाजूंनी वारली चित्रांची किनार. दादरा नगर हवेलीत २०११ च्या जनगणनेप्रमाणे निम्म्याहून अधिक लोक आदिवासी, त्यात वारली सर्वांत जास्त. तेव्हा किनार हवीच. पण ती वापीच्या छपाईवाल्यानं कुठून तरी उतरवून घेतलेली. तारपा वाजवणारा माणूस होता, तारप्याचा भोपळा मात्र गायब. बिचारा सॅक्सोफोन वाजवत असल्यासारखा दिसत होता. पाड्यावरची एक म्हातारी बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग काही न बोलता केळं घेऊन गेली.

(शेजारच्या पालघर जिल्ह्यात आदिवासी युवा सेवा संघ नावाची संस्था आहे. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते तिच्या नावावर. ज्यांची चित्रं, त्यांनीच कागदपत्रं रंगवून कलेवर आपला शिक्का मारून घेतला. हेही सामाजिक कामच, पण याचा फोटो चांगला येत नाही. मुलं हसत नाहीत त्यात.)

तर वाटप. वह्या दहा मिनिटांत वाटून झाल्या. मग पुढचा पाऊण तास आम्ही उभे होतो, कारण लोकेशन येईना. कंपनीच्या ॲपला फोटो नुसता चालत नाही. त्यावर अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, पत्ता असं सगळं उमटावं लागतं. नाहीतर ॲप फोटो गिळत नाही, आणि ॲपनं फोटो गिळला नाही तर वही मिळाली असं कंपनी मानत नाही. मुलं वह्या छातीशी धरून रांगेत उभी. डोक्यावर ऊन. एका पोरानं तेवढ्यात पहिल्या पानावर मोटारसायकल काढून टाकली होती.

शेवटी लोकेशन आलं. पत्त्यात लिहिलं होतं, महाराष्ट्र.

यात फोनचा तरी काय दोष? हा मुलूखच तसा. दादरा एकीकडे, नगर हवेली दुसरीकडे, मधे गुजरातची पट्टी. नगर हवेलीच्या पोटात मघवाळ नावाचं गाव, ते गुजरातचं. पलीकडे डोंगर उतरला की महाराष्ट्र. पोर्तुगीजांनी सोडलेला नकाशा भल्याभल्यांना उमगला नाही, टॉवरला काय उमगणार? पण कंपनीला 'स्थानिक भाग' हवा होता आणि महाराष्ट्र त्यांच्या कागदावर स्थानिक नव्हता. म्हणून सगळ्यांना दोनशे पावलं सिल्वासाच्या दिशेनं चालवलं, पुन्हा रांग, पुन्हा हसू, पुन्हा वही छातीशी. मोटारसायकलवाल्याला मागे उभं केलं.

परतताना गाडीत मला बाबूजींची आठवण झाली. सुधीर फडके. सिल्वासात राहून ज्याला ही आठवण येत नाही त्यानं दोन ऑगस्टची सुट्टी घेऊ नये.

१९५४ साल. इथे पोर्तुगीज. त्यांना हुसकायचं तर माणसं हवीत, हत्यारं हवीत, म्हणजे पैसा हवा. काही तरुणांनी डोकं लढवलं. त्यात फडके होते, राजा वाकणकर होते, बाबासाहेब पुरंदरे होते. पुण्यात हिराबागेत लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम ठेवला. लताबाई गायल्या, लोकांनी तिकिटं काढली, पैसे जमले आणि मोहिमेच्या कामी आले. आजच्या भाषेत सांगायचं तर सेलिब्रिटीसह निधी संकलन. पण त्यानंतर मोजमापाचा अहवाल कुणी मागितला असेल असं वाटत नाही. 'आपल्या तिकिटातून खालीलप्रमाणे बंदुका घेण्यात आल्या, सोबत अक्षांश-रेखांश' असं पत्र श्रोत्यांना गेलं असतं तर ते सर्वांत आधी पोर्तुगीजांनी वाचलं असतं.

गंमत पुढे आहे. बाबूजी चाल लावून, पैसे गोळा करून घरी बसले नाहीत. ते स्वतः मोहिमेत उतरले. निधी जमवणारा आणि राबणारा माणूस एकच! आजच्या संस्थेत हे दोन विभाग असतात, दोन मजल्यांवर, आणि त्यांचं पटत नाही. बाबूजींचा हा छंद पुढेही सुटला नाही. 'वीर सावरकर' चित्रपट त्यांनी लोकवर्गणीतूनच केला. वर्षानुवर्षं झोळी फिरवली आणि २००१ साली तो पडद्यावर आणला. त्याला आता क्राउडफंडिंग म्हणतात. आपल्याकडे याला वर्गणी म्हणत आणि वर्गणी मागणारा दारात उभा असे. त्याला 'पाच सेकंदांत स्किप करा' अशी सोय नव्हती. चप्पल दिसली की आपण घरात आहोत हे त्याला कळायचं.

२२ जुलै १९५४ ला दादरा सुटलं, ते फ्रान्सिस मस्कारेन्हस यांच्या युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सच्या लोकांनी सोडवलं. २ ऑगस्टला सिल्वासा. त्यात आझाद गोमंतक दल होतं, संघाचे स्वयंसेवक होते, आणि गोदावरी परुळेकरांनी ज्यांना ताठ उभं राहायला शिकवलं ते लाल बावट्याचे वारलीही या लढ्यात होते. श्रेय कुणाचं याचा वाद सत्तर वर्षं चाललाय. तेव्हा हॅशटॅग असते तर निदान चार निघाले असते आणि सिल्वासा अजून पोर्तुगीजांकडेच असतं, कारण सगळे एकमेकांच्या पोस्टखाली भांडत बसले असते. पोर्तुगाल हेगच्या न्यायालयात गेला, १९६० मध्ये निकाल लागला, १९६१ मध्ये आम्ही रीतसर भारतात आलो. मधली सात वर्षं वरिष्ठ पंचायतीनं कारभार हाकला. फॉलोअर किती होते याची नोंद नाही.

आता कुणी म्हणेल, म्हातारा जुन्या काळाचे नगारे वाजवतोय. तसं नाही हो. हिराबागेतही पुढच्या रांगेत पैसेवालेच बसले असणार आणि त्यातल्या बऱ्याच जणांना दादरा कुठल्या दिशेला आहे हे ठाऊक नसणार. लताबाईंना ऐकायला मिळतंय म्हणून आले असतील, येऊ देत. आणि फोनचा मी शत्रू नाही. २०१६ पासून यूपीआय आलं आणि माझ्यासारखा कंजूषही दोनशे-पाचशे रुपये पाठवू लागला. पूर्वी मनीऑर्डरचा फॉर्म भरेपर्यंत दयेचा उमाळा ओसरायचा. रोख दोन हजारांवर दिले तर आयकरात सूट मिळत नाही, म्हणून शेठलोकही आता क्यूआर शोधतात. परोपकाराला करसवलतीचा एवढा आधार असेल असं ज्ञानोबामाउलींना वाटलं नसेल.

फोनचं खरं काम बघायचं तर पाणी फाउंडेशनचं बघा. २०१६ मध्ये तीन तालुके, २०१८ मध्ये पंचाहत्तर. टीव्ही होता, ॲप होतं, आमिर खान होता, सगळा जामानिमा होता. पण शहरातल्या माणसानं जलमित्र म्हणून इंटरनेटवर नाव नोंदवलं की त्याला पुढचा निरोप यायचा तो १ मे रोजी अमुक गावात खोदायला या असा. म्हणजे साखरपुड्यानंतर मुहूर्त ठरलेला. हातात कुदळ. दुसऱ्या दिवशी पाठ धरलेली. त्या चरांमध्ये पुढे किती पाणी मुरलं याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत, ते असू देत. पण नाव नोंदवणाऱ्याला घाम आला हे नक्की.

आणि मिस्ड कॉल! जगाला आपण शून्य दिलं म्हणतात, पण एका पैशाचा खर्च न करता बोलायचं कसं हेही आपणच शिकवलं. दोन रिंग म्हणजे पोचलो, तीन म्हणजे खाली ये. २०११ साली अण्णा हजारेंच्या आंदोलनाला लोकांनी मिस्ड कॉल देऊन पाठिंबा कळवला. छत्तीसगडात मात्र याच फोनचा वेगळा उपयोग झाला. सीजीनेट स्वरा म्हणून उपक्रम, २०१० च्या सुमाराचा. जंगलातल्या माणसानं साध्या फोनवरून नंबर लावायचा, आपल्या गोंडीत किंवा हिंदीत बोलायचं, ते ध्वनिमुद्रित व्हायचं आणि इतरांना ऐकू यायचं. रेशन आलं नाही, मजुरी मिळाली नाही, मास्तर येत नाही. ऐकणारे मग साहेबाला फोन लावून भंडावून सोडायचे. तिथे आवाज गावातून निघायचा. आमच्याकडे गावातून फोटो निघतो.

हे मी त्या पुण्याच्या मुलीला म्हटलं. ती जरा हिरमुसली. म्हणाली, "काका, आपलाही नंबर आहे की. फ्लेक्सवर छापलाय. मिस्ड कॉल द्या म्हणून. त्यावरूनच तर एंगेजमेंट वाढलीय, गावांतून पण कॉल येतात."

नंबर खरंच होता. सॅक्सोफोनवाल्याच्या पायाशी.

पुढच्या आठवड्यात माझ्या कामानं त्याच बाजूला जाणं झालं. फ्लेक्स आता एका कुडाच्या घरावर होता, पावसाची सोय म्हणून उलटा बांधलेला. ही त्या सगळ्या वाटपातली सर्वांत टिकाऊ वस्तू. घरमालक ओळखीचं हसला. वह्यांच्या दिवशी गाडी लावायला यानंच जागा करून दिली होती.

"साहेब, तुमच्या नंबरावर मी फोन लावलेला," तो म्हणाला.

"माझा नाही तो. पण लावलात ते बरं केलंत. कशासाठी?"

"बोअरिंग बंद आहे दोन महिने. बायका खाली नदीवर जातात. वाटलं, वही देतात तर बोअरिंगचं पण बघतील."

"मग?"

"फोन कटला. मग मेसेज आला. वाचता येतो पोराला, पण इंग्लिशमध्ये होता. मी परत लावला. परत कटला, परत मेसेज. तीन वेळा लावला."

त्यानं फोन काढला. काच तडकलेली. मेसेज तीन होते, तिन्ही सारखे. आमच्या परिवारात सामील झाल्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार. आपल्यासारख्या पाठीराख्यांमुळेच बदल घडतो. खाली दुवा, त्यावर अंगठा टेकवून शंभर रुपयांपासून देणगी देता येत होती.

"काय लिवलंय?" त्यानं विचारलं.

मी फोन त्याच्या पोराच्या हातात परत दिला. तोच तो, मोटारसायकलवाला. तिप्पट कशी झाली ते मला आत्ता कळत होतं. याचा बाप एकटाच तीन होता.

"आभार मानलेत तुमचे," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला. "आणि बोअरिंगचं?"