खुळ्या प्रेक्षकाची थोरवी

नाटक बघताना जो रडतो, चिडतो, खलनायक विंगेतून आला की दातओठ खातो, त्याला आपण खुळा म्हणतो. शहाणा प्रेक्षक खुर्चीत रेलून बसतो. समोरचा राजा म्हणजे तोंडाला रंग फासलेला नट आहे, हे तो घटकाभरही विसरत नाही. मला थोरवी गायची आहे ती त्या खुळ्याची, आणि ती अगदी मनापासून.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आलं. कथा विराटपर्वातली. पांडव अज्ञातवासात आहेत. युधिष्ठिर कंकभट होऊन राजाच्या पदरी राहिलाय, भीम बल्लव नावाचा आचारी झालाय आणि द्रौपदी सैरंध्री होऊन राणीची वेणीफणी करतेय. राजाचा मेहुणा कीचक तिच्यावर डोळा ठेवतो. कंकभट सबुरीचा सल्ला देतो. बल्लव कीचकाचा जीव घेतो. महाभारत ऐकलेल्या कुणालाही यात नवं काही नव्हतं.

पण या नाटकातली वेषांची उतरंड बघा. एक पुरुष लुगडं नेसून द्रौपदी होतो. ती द्रौपदी दासीचा वेष घेते. आणि त्या दासीत प्रेक्षकांना दिसतो हिंदुस्थान. कीचकात त्यांना माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसला, कंकभटात मवाळ आणि बल्लवात जहाल. नाटकात कर्झनचं नाव कुठेही नव्हतं. पहिल्याच वेषाला जो फसला नाही, त्या शहाण्याच्या वाट्याला फक्त लुगड्यातला नट आला. खुळा मात्र एकामागून एक सगळ्या वेषांना राजीखुशीनं फसला आणि म्हणूनच खऱ्या गोष्टीपाशी जाऊन पोचला.

या बाबतीत मी इंग्रज सरकारलाही मान देतो. ‘हे तर पुराणातलं’ असं म्हणून ते स्वस्थ बसलं नाही. नाटक त्याला नेमकं कळलं होतं, म्हणून १९१० साली त्यानं बंदी घातली. त्याच वर्षी व्हॅलेंटाइन चिरोल या ब्रिटिश पत्रकारानं ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात कीचक म्हणजे कोण, भीम म्हणजे कोण, हे तपशीलवार लिहून ठेवलं. इतका जाणता वाचक फार थोड्या नाटककारांच्या नशिबी येतो.

शहाणा म्हणेल, कीचक शेवटी नाटकातला, कर्झन खरा. तर मग कर्झनकडे बघू. १९०३च्या दिल्ली दरबारासाठी तो हत्तीवर बसून मिरवत शहरात आला. दरबार सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाचा, आणि एडवर्ड स्वतः आलाच नव्हता. त्याची भूमिका कर्झन वठवत होता. १९०५च्या फेब्रुवारीत कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात त्यानं पदवीधरांना ऐकवलं, की सत्याचा उच्च आदर्श ही बव्हंशी पाश्चात्त्यांची कल्पना आहे. ‘अमृत बाझार पत्रिके’नं लगेच त्याचंच जुनं प्रवासवर्णन काढून वाचकांपुढे ठेवलं. कोरियाच्या दरबारातल्या मंत्र्यानं वय विचारलं, तेव्हा तेहतीस वर्षांच्या कर्झननं चाळीस सांगितलं होतं, कारण तिथे वयाला मान होता. इंग्लंडच्या राणीचे जवळचे नातेवाईक का, असं विचारल्यावर तो आधी नाही म्हणाला; पण मंत्र्याचा चेहरा पडलेला दिसताच, मी अजून अविवाहित आहे, एवढं त्यानं सुचवून ठेवलं. त्याच १९०५ साली बंगाल तोडला गेला, आणि त्याला नाव दिलं गेलं कारभाराच्या सोयीचं.

म्हणजे वेष दोन्हीकडे होता, संवाद दोन्हीकडे पाठ केलेले होते. फरक एवढाच, की नाटक मंडळी तिकीट विकतानाच सांगते, हे सोंग आहे. पडदा पडला की नट रंग पुसतो. सत्तेचं सोंग असं कधी सांगत नाही. हत्ती, तुताऱ्या, पदव्या आणि ‘कारभाराची सोय’ यांसारखे सभ्य शब्द इतक्या गंभीरपणे पुढे येतात, की नाटकात कधीच न फसणारा शहाणा इथे मात्र हात जोडून उभा राहतो. खुळ्याला सवय असते. एखादी भूमिका माणसाला कसा आकार देते, एका वाक्यानं सभा कशी फिरते, हे त्यानं अंगावर काटा घेऊन अनुभवलेलं असतं. म्हणून रस्त्यावरचं सोंगही त्याला ओळखू येतं.

आपल्याला हे खूळ टिकवायला हवं. पोरांना नाटकाला न्या. ती रडली, ओरडली, खलनायकाला शिव्या घालू लागली, तर ‘अरे, हे खोटं आहे’ असं सांगून त्यांना गप्प करू नका. सोंगावर विश्वास ठेवायला जी शिकली, तीच पुढे मोठ्या हुद्द्यांचे आणि मोठ्या शब्दांचे वेष ओळखतील. नुसत्या शहाण्यांच्या भरवशावर कुठलाही देश सोडू नये.