आत दोन इंच माया

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर डाव्या हाताच्या दारावर एक पाटी आहे. 'येथे फॉल-पिको, चेन बदलणे, अल्टर वगैरे कामे केली जात नाहीत.' तिच्याखाली वेगळ्या शाईत, 'बिल्डिंगमधील सोडून.' त्याच्याही खाली पेन्सिलीनं, 'शाळेची पँट असेल तर बेल वाजवावी.' एवढं वाचलं की आत राहणाऱ्या बाईंचा कणखरपणा आणि तो किती दिवस टिकतो, दोन्ही ध्यानात येतं.

ह्या आमच्या बुटीकवाल्या वहिनी. रेशनकार्डावर त्यांना वेगळं नाव आहे म्हणतात, पण ते दुकानदारालाच ठाऊक. पूर्वी प्रत्येक आळीत शिवणकाम करणाऱ्या एक काकू असायच्या. ब्लाऊज, परकर, झबली-टोपडी, उशांचे अभ्रे. काकू कापड हातात घेऊन विचारायच्या, "कसं शिवू?" वहिनी विचारत नाहीत. त्या मान तिरकी करून तुमच्याकडे बघतात आणि सांगतात, "तुम्हाला बंद गळा नाही चालणार. मान कुठंय तुम्हाला?" काकू आणि वहिनी यांच्यात फरक एवढाच. यंत्र तेच, दोरा तोच, कंबरदुखीही तीच. फक्त वहिनींना टेलर म्हटलेलं चालत नाही. कुणी चुकून म्हणालाच, तर त्याचं कापड ढिगाच्या तळाशी जातं, आणि त्या ढिगाचा तळ आजवर कुणी पाहिलेला नाही.

कासारवाडीत बुटीक काढायचं म्हणजे मुळात धाडसच. एका अंगाला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या अंगाला जुना पुणे-मुंबई रस्ता, वर नाशिक फाट्याचा जे. आर. डी. टाटांच्या नावाचा दुमजली पूल, आणि मधल्या जागेत आम्ही सगळे पहिली-दुसरी-तिसरी पाळी करणारे लोक. 6 मार्च 2022 ला मेट्रो सुरू झाली तेव्हा वहिनींना वाटलं, आता पुण्याचं गिऱ्हाईक थेट दारात. पण मेट्रोचं कासारवाडी एकीकडे आणि लोकलचं कासारवाडी दुसरीकडे. लोकलच्या कासारवाडीजवळ, म्हणजे आमच्याजवळ जे मेट्रो स्टेशन आलं, त्याला नाव दिलं भोसरी. भोसरी तिथून चांगली लांब. मग वहिनी फोनवर पत्ता सांगत, "कासारवाडीला यायचंय ना? मग कासारवाडीला उतरू नका. भोसरीला उतरा. पण भोसरीला जाऊ नका." पुढे त्या स्टेशनाचं नाव नाशिक फाटा झालं, तोवर कोथरूडच्या दोन बायका भोसरीतच दुसरीकडे ब्लाऊज टाकून मोकळ्या झाल्या होत्या.

वहिनींचे मिस्टर भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीत आहेत. 'क्वालिटीत असणे' हा आमच्याकडे नुसता हुद्दा नाही, तो स्वभाव असतो. हा माणूस आमटीत मीठ कमी आहे म्हणत नाही, 'मागच्या लॉटला बरोबर होतं' म्हणतो. वहिनींनी शिवायला सुरुवात केली तेव्हा ते रविवारी व्हर्निअर कॅलिपर घेऊन बसले आणि दोन टिपांमधलं अंतर मोजून म्हणाले, "इथे दोन पॉइंट एक आहे, तिथे दोन पॉइंट चार. टॉलरन्स किती धरलाय?"

वहिनींनी तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या. "तुमचा शाफ्ट जेवतो का?"

"नाही."

"श्वास घेतो का? बाळंत होतो का?"

"नाही."

"माझं गिऱ्हाईक तिन्ही करतं."

तेव्हापासून व्हर्निअर कपाटात आहे. ड्रॉवरना त्यांनी लावलेली लेबलं मात्र अजून आहेत. 'पांढरी बटणे' या ड्रॉवरमध्ये सासूबाईंची औषधं असतात, 'औषधे' लिहिलेल्या डब्यात बॉबिनी, आणि पांढरी बटणं चहाच्या डब्यात. वहिनींना डोळे मिटून सगळं सापडतं. मिस्टरांनी एकदा चहा केला होता, तो विषय त्या घरात काढायचा नाही.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो पुतण्याच्या लग्नामुळे. लग्न वैशाखातलं. खणाचं जाकीट शिवून घ्यावं असं घरात ठरलं, म्हणजे मला कळवण्यात आलं. माप द्यायला गेलो आणि सवयीनं पोट आत ओढून उभा राहिलो. वहिनी टेप गळ्यात टाकून शांतपणे थांबल्या. अर्धा मिनिट. पाऊण मिनिट. शेवटी माझाच श्वास सुटला. मग त्यांनी टेप लावली.

"आता खरं आलं," त्या म्हणाल्या. "भाऊजी, कापड पोटाला शिवायचंय, फोटोला नाही." आणि वहीत आकडे लिहिता लिहिता, मान वर न करता, "आत दोन इंच माया ठेवते."

शिवणकामात शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दाबून ठेवतात, त्याला आपल्याकडे माया म्हणतात. उद्या माणूस वाढला तर शिवण उसवून कपडा सैल करता यावा म्हणून. हा शब्द ज्या कुणाला पहिल्यांदा सुचला त्याचे पाय धरावेसे वाटतात. दुकानातल्या तयार कपड्याला माया नसते, आत बघा, कडेला चिकटून ओव्हरलॉक मारलेलं असतं. त्या कपड्याला तुम्ही वाढणं मान्यच नसतं. वहिनी मात्र माप घेताना आजचं पोट मोजतात आणि पुढच्या पाच वर्षांचं मनात धरतात. आमच्या बिल्डिंगमधल्या कुणाच्या शिवणीत किती माया आहे हे त्यांच्या वहीत लिहिलेलं आहे. ती वही फॅमिली डॉक्टरच्या हाती लागली तर निम्म्या इमारतीला पथ्य लागेल.

खण आणायला त्या स्वतः जातात. साधं सुती कापड, अस्तर, मांजरपाट पिंपरी कॅम्पातून. लेस, बटणं, लटकन पुण्याला रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून. बोहरी आळीत त्यांना सोबत करण्याचा योग मला एकदा आला. पाच रुपयांच्या काळ्या बटणासाठी आम्ही सात दुकानं फिरलो. मला सगळी बटणं काळी दिसत होती. त्यांना त्यातली काही 'निळसर काळी', काही 'मेलेली काळी' दिसली, आणि जे शेवटी घेतलं ते पहिल्या दुकानातलं होतं.

खणाची गंमत वेगळी. तो विणला जातो बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला, आणि मुळात चोळीपुरता, म्हणून त्याचा पन्ना आखूड. चोळी निघते, जाकीट काढायचं तर जोड द्यावा लागतो, आणि जोड दिला की काठ कुठे येणार, बुट्टी कुठे तुटणार, याचं गणित सुरू होतं. माझ्या जाकिटाचं कापड त्यांनी डायनिंग टेबलावर पसरलं, त्यावर खडूनं रेघा मारल्या, पुसल्या, परत मारल्या, आणि कातर हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. बाहेरून लोकल गेली, टेबल थरथरलं. वहिनींनी कातर खाली ठेवली. "आज नको. आज मुहूर्त नाही." मला वाटलं विनोद आहे. तो नव्हता.

त्यांच्या भाषेत 'कापलंय' याचा अर्थ कापड पिशवीतून बाहेर काढलंय. 'मशीनवर आहे' म्हणजे ते खरोखरच मशीनवर ठेवलेलं आहे, घडी घालून, वर मांजर. 'फक्त काज-बटण राहिलंय' हे ऐकलं की समजावं, आत्ता कुठे कातर लागली. यात खोटं एक अक्षर नसतं. काज-बटण राहिलेलंच असतं. बाकीचंही राहिलेलं असतं एवढंच.

एकदा त्यांनी एका कारखान्याची ऑर्डर घेतली. मशीनशॉपसाठी 30 अॅप्रन, निळे, एक खिसा. पैसे रोख. पहिले तीन झाले आणि वहिनींना कंटाळा आला. चौथ्याला त्यांनी खिसा तिरका लावला. पाचव्याला खिशाला झाकण. नवव्याच्या खिशाला उरेपपट्टीची लाल किनार. पंधराव्यापासून खणाच्या चिंध्या आल्या. तिथल्या सुपरवायझरनी सगळे टेबलावर मांडले आणि फोन केला, "मॅडम, तीस पीस, तीस प्रकार?" वहिनी अभिमानानं म्हणाल्या, "हँडमेड आहे ना." अॅप्रन परत आले नाहीत. कामगारांनी आपापला खिसा ओळखून ठेवला होता, द्यायला कुणी तयार होईना. पुढची ऑर्डरही आली नाही.

हिशेब हा त्यांचा कच्चा भाग. मिस्टरांनी एका रविवारी कागद घेऊन एका कुर्त्याचं कॉस्टिंग मांडलं. कापड 520, अस्तर 110, दोरा-बटणं-कॅनव्हास 60, जाणं-येणं 40. एकूण 730. विक्री 1,100. उरले 370. वेळ नऊ तास. "तासाला 41 रुपये," मिस्टर म्हणाले. "आणि लाईट बिल धरलेलं नाही."

"नऊ तास कसे? त्यातला एक गळा मी दोनदा उसवला, तो धरू नका. संध्याकाळी मालिका बघत हेमिंग केलं, ते करमणुकीत टाका. आणि ती पोरगी पहिल्यांदा नोकरीला लागलीय, तिला शंभर कमी केले, ते..." इथे वहिनी थांबल्या. मिस्टरांनी पेन खिशाला लावलं. कपड्यात दोन इंच माया ठेवणाऱ्या ह्या बाईला स्वतःच्या मजुरीत अर्धा इंच ठेवता येत नाही. हे मी त्यांच्या तोंडावर बोललो नाही, कारण माझंही जाकीट पोटात होतं. त्यांच्या, म्हणजे ढिगाच्या.

महापालिका बचत गटांच्या बायकांसाठी पवनाथडी जत्रा भरवते. सांगवीच्या मैदानावर एका वर्षी वहिनींनीही स्टॉल मिळवला. येणाऱ्या बायका कुर्ता हातात घेतात, उलटा करतात, आतली शिवण बघतात, वास घेतात, आणि म्हणतात, "पिंपरी कॅम्पात असाच चारशेला मिळतो." वहिनींनी पहिल्या दिवशी समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी नुसत्या हसल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मग तिथूनच घ्या. पण अल्टरला माझ्याकडे आणू नका." त्याच बाईनं महिन्याभरानं पत्ता शोधत येऊन कॅम्पातला कुर्ता अल्टरला टाकला. वहिनींनी तो केला. वर, आत माया नाही म्हणून बाजूला पट्टी जोडून दिली.

एरवी डिझायनर असलेल्या वहिनी एकाच ठिकाणी विनातक्रार शिंपी झाल्या. 17 सप्टेंबर 2023 ला केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना आली. 18 पारंपरिक धंदे, त्यात शिंपीकाम, आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतची मदत. फॉर्ममध्ये बुटीकचा रकानाच नव्हता. मी जरा चिडवलं, तर म्हणाल्या, "नामदेव महाराज काय स्वतःला डिझायनर म्हणवून घेत होते?" यावर कोण काय बोलणार.

त्यांच्याकडे यंत्रं दोन. एक सेकंडहँड जुकी, तिच्या आवाजानं वरच्या मजल्यावरची भांडी वाजतात. दुसरं सासूबाईंच्या लग्नातलं काळं पायडलचं मशीन, सोनेरी वेलबुट्टी झिजलेलं, वादी दर पावसाळ्यात सैल होणारं. महत्त्वाचं काम त्यावरच होतं. मी एकदा माझं वाचन दाखवायला त्यांना सांगितलं, की गांधीजींनी यंत्रांवर एवढी टीका केली, पण शिवणयंत्र त्यातून वगळलं होतं. सिंगरनं बायकोचे कष्ट बघून प्रेमापोटी ते यंत्र काढलं, असं त्यांनी 1924 साली म्हटलंय. वहिनींना ते फार आवडलं. मग मीच मोडता घातला, की खरा सिंगर नाटकात कामं करणारा गृहस्थ, त्यानं 1851 साली पेटंट घेतलं ते धंद्यासाठी, आणि निरनिराळ्या बायकांपासून त्याला दोन डझन मुलं झाली. वहिनी दाताने दोरा तोडत म्हणाल्या, "एवढ्या पोरांचे कपडे शिवायचे म्हणजे यंत्र लागणारच की."

वैशाख आला, लग्न झालं. मी जुन्या सफारीत उभा होतो. जाकीट मशीनवर होतं.

दुसऱ्या वर्षी पालखीच्या दिवशी दापोडीकडे जाणारी माणसांची रांग बघायला रस्त्यावर गेलो. तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम उरकून पुण्याकडे जाते ती ह्याच रस्त्यानं. कडेला काळं मशीन मांडून वहिनी बसल्या होत्या, शेजारी मिस्टर सुईत दोरा ओवून देत होते, एकदम क्वालिटीत. पाटीवर जे जे करणार नाही म्हणून लिहिलंय, ते सगळं तिथं फुकट चाललं होतं. पिशव्यांचे बंद, तुटलेल्या चेनी, उसवलेले सदरे. एका आजींनी फाटकी पिशवी पुढे केली, "टेलरबाई, एवढी टीप मारा." मी श्वास रोखला. वहिनींनी पिशवी घेतली, दुहेरी टीप मारली, उरेपपट्टीचा एक तुकडा लावून बंद मजबूत केला आणि दिली.

"वहिनी, माझं जाकीट?" मी विचारलं.

"फक्त काज-बटण राहिलंय," त्या म्हणाल्या. यावेळी ते खरं निघालं.

आषाढात पुतण्याच्या मुलीचं बारसं झालं, त्याला मी खणाचं जाकीट घातलं. काठ बरोबर मध्यावर आलाय, जोड कुठे आहे ते मलाही सापडत नाही. नेण्याआधी त्यांनी घालून बघायला लावलं, पाठीवरून हात फिरवला, आणि कुठे किती उसवून सोडलंय ते सांगितलं. "लग्नात दिलं असतं तर ढगळ झालं असतं," वर हेही.

दोन इंचांतली दीड इंच माया वापरली गेलीय. अर्धा इंच अजून शिल्लक आहे.