खासगीपण कसं राखावं: तीन प्रतींत

हे मार्गदर्शन धाराशिव जिल्ह्यातल्या नवशिक्यांसाठी आहे. कळंब, परंडा, भूम, उमरगा, कुठलाही तालुका चालेल. पूर्वानुभवाची अट नाही. जिल्ह्याचं नाव 2023 मध्ये बदललं आणि आपल्या आधारवर अजून उस्मानाबादच आहे, म्हणून कोणी मागे राहू नये. सरकार तुम्हाला दोन्ही नावांनी ओळखतं.

साहित्य: बटणाची प्लास्टिक पिशवी एक. तीत आधार, पॅन, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, पासबुक, जातीचा दाखला, शेतकरी ओळख क्रमांक लिहिलेली चिठ्ठी आणि पासपोर्ट साइझचे सहा फोटो, त्यातले दोन कॉलेजातले. स्मार्टफोन एक आणि तो चालवता येणारा भाचा एक. स्वतःचा भाचा नसल्यास शेजाऱ्याचा चालतो.

पिशवी पारदर्शकच घ्यावी. आपल्याकडे दुसरी मिळतही नाही.

आता थोडी पार्श्वभूमी, म्हणजे कामाला लागताना आत्मविश्वास राहील. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्याच निकालात आणीबाणीतला 1976 चा एक कुप्रसिद्ध निकालही मोडीत काढला. तो देणाऱ्यांत यशवंतराव चंद्रचूड होते, मोडीत काढणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव धनंजय. वडिलांची चूक मुलानं जाहीरपणे दुरुस्त करावी, असं आपल्याकडे भावकीत कधी घडलेलं ऐकिवात नाही. निकाल मोठा आहे, अभिमान बाळगावा. पण तहसीलला जाताना सोबत नेऊ नये. खिडकीवर त्याची झेरॉक्स कोणी मागत नाही.

पहिला धडा: झेरॉक्स

आधारची सुरुवात आपल्याच राज्यात झाली, 29 सप्टेंबर 2010 ला, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. ते ऐच्छिक आहे असं तेव्हा सांगितलं होतं. ऐच्छिक म्हणजे काय, हे ज्यानं ऐच्छिक मानून पाहिलं त्याला विचारा. 2018 मध्ये न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं आधारचा कायदा टिकवला, पण खासगी कंपन्यांना ते मागण्याची मुभा देणारं कलम मात्र काढून टाकलं. त्यानंतरही तुळजापूरला दर्शनाला गेलात आणि लॉजवर खोली घेतली, तर काउंटरवरचा पोरगा नाव विचारायच्या आधी आधार मागतो. तुम्ही बाणेदारपणे निवडणुकीचं कार्ड पुढे केलंत, तर तो ते उलटसुलट बघतो आणि म्हणतो, "काका, आधार नाही का?" मागे रांग, बरोबर लेकरं, बायको डोळे वटारतेय. द्या.

यावर अधिकृत सल्ला हवा असेल तर तोही आहे. 27 मे 2022 ला आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं लोकांना बजावलं की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो. देश दचकला. 29 मे ला ते पत्रक मागं घेतलं आणि नेहमीची दक्षता घ्या असं सांगितलं. म्हणजे दोन दिवस आपल्याला नीट मार्गदर्शन मिळालं होतं. मधला दिवस शनिवार होता, तेवढा सोडून द्या.

त्या पत्रकातली एक युक्ती मात्र खरी आहे, आणि फुकट आहे. आधारच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार उतरवून घेता येतं. त्यात बारापैकी पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात. मी ते छापून एका कार्यालयात नेलं. खिडकीमागच्या बाईंनी कागद उजेडाकडे धरला, चष्मा वर केला, खाली केला. "नंबर दिसंना की ओ." मी म्हटलं, तोच तर उद्देश आहे. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी ताबडतोब खाली उतरून दोन रुपयांत आख्खा नंबर दिसणारी झेरॉक्स आणली. नवशिक्यांनी दोन्ही प्रती जवळ ठेवाव्यात. पहिली तत्त्वासाठी, दुसरी कामासाठी.

दुसरा धडा: ओटीपी

हा धडा मी पुस्तकातून शिकलो नाही, डिसेंबर 2025 मध्ये कळंब तालुक्यातल्या एका सेवा केंद्राच्या रांगेत शिकलो. मी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी उभा होतो. बाकीची रांग सरकारी योजनेतल्या लाडक्या बहिणींची होती. महिन्याचे 1500 रुपये चालू ठेवायचे तर 31 डिसेंबरच्या आत ई-केवायसी करायची होती. त्यासाठी बाईचं आधार पुरत नव्हतं. नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधारही जोडावं लागत होतं आणि त्याच्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकावा लागत होता.

माझ्या पुढे एक मावशी होत्या. सासू अंथरुणाला खिळलेली म्हणून त्या साली मागं राहिलेल्या, मालक ऊसतोडीला कोल्हापूरकडं. केंद्रातल्या पोरानं बटण दाबलं आणि म्हणाला, "मावशी, मालकाला फोन लावा, आकडा गेलाय." फोन लागला. स्पीकर सुरू, कारण मावशींना बिनस्पीकरचं ऐकू येत नाही. तिकडून ट्रॅक्टरचा आवाज. "अवो, मेसेज आलाय का बघा की!" मालकाच्या हातात कोयता, अक्षरओळख बेताची. त्यांनी फोन मुकादमाच्या पोराकडे दिला. पोरगं शाळेत जाणारं असावं, कारण त्यानं मेसेज पहिल्या शब्दापासून धडा वाचल्यासारखा खणखणीत वाचला, आणि त्यातलं "डू नॉट शेअर विथ एनीवन" हेही वाचलं. मग सहा आकडे. ऐकू आलं नाही म्हणून दोनदा. रांगेतल्या आणखी दोन बायांनी मावशींच्या सोयीसाठी ते पुन्हा उच्चारले. काम झालं. सगळ्यांना बरं वाटलं, मलाही.

यातून घ्यायचं ते एवढंच की ओटीपी कुणालाही सांगू नये; सांगायचाच झाला तर दहा मिनिटांच्या आत सांगावा. आणि नवऱ्यापासून लपवून चार पैसे बाजूला टाकण्याची जी जुनी बायकी कला होती, डाळीच्या डब्यातली, तिची जागा आता अशा खात्यानं घेतली आहे ज्याची किल्ली नवऱ्याच्या फोनवर येते.

तिसरा धडा: थम

आपली बोटं ही आपली सर्वांत खासगी वस्तू, असं समजलं जातं. रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनला ते मान्य नाही. दहा वर्षं ऊस तोडलेल्या माणसाच्या बोटावर रेषा उरत नाहीत, मशीन लाल होतं, दुकानदार म्हणतो, "बोट पुसा, दुसरं लावा." खोबरेल लावून बघतात, चुना लावून बघतात, डोक्याला घासून बघतात. ज्याला लपायचं असतं त्याला मशीन शोधून काढतं, आणि जो समोर उभा राहून मीच तो म्हणतोय त्याला ओळखत नाही.

आधारमध्ये बोटांचे ठसे लॉक करायची सोय आहे. लॉक केल्यावर ते वापरून कुणाला खात्यातून पैसे काढता येत नाहीत. उत्तम सोय. फक्त महिन्याच्या धान्याच्या दिवशी अनलॉक करायला विसरलात, तर पिशवी रिकामी घेऊन घरी याल. थमवर रेशन घेणाऱ्यांनी हा प्रयोग भाच्याच्या देखरेखीखाली करावा.

जाता जाता शेळीविषयी. आपली उस्मानाबादी शेळी देशभर नावाजलेली. तिच्याही कानात आता बारा आकड्यांचा बिल्ला असतो, आणि 1 जून 2024 पासून राज्यात त्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री करता येत नाही. मालकालाही आकडे बाराच. फरक इतकाच की शेळीकडं कुणी झेरॉक्स मागत नाही.

चौथा धडा: कुलूपबंद निरोप

व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप एप्रिल 2016 पासून दोन्ही टोकांना कुलूप लावून जातात. किल्ली फक्त पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनमध्ये. मधल्या वाटेवर कंपनीलाही वाचता येत नाही. सरकारनं 2021 च्या नियमांत म्हटलं की एखादा निरोप मुळात कुणी धाडला ते सांगता आलं पाहिजे. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि 2024 मध्ये तिच्या वकिलांनी तिथं सांगितलं की कुलूप तोडायला लावलं तर आम्ही निघालो. त्यावर आमच्या गावच्या ग्रुपवर एकच चिंता व्यक्त झाली: मग सुप्रभात कुठे पाठवायचं?

कुलूप खरं आहे. पण ते वाटेवरच्या टपालाला आहे, घराला नाही. कुणी कुणाला किती वाजता निरोप धाडला, ही नोंद कुलपाबाहेर राहते. बॅकअपला कुलूप तुम्ही स्वतः लावलं तरच लागतं. 2020 मध्ये मुंबईत अमली पदार्थांच्या तपासात नट्यांच्या जुन्या गप्पा टीव्हीवर वाचून दाखवल्या गेल्या. कंपनी म्हणाली, आमचं कुलूप शाबूत आहे. असेलही. फोनच हातात आल्यावर कुलूप कोण बघतो? पेगॅसससारखं इस्रायली हेरगिरीचं सॉफ्टवेअर तर फोनच्या आतच बसतं आणि कुलूप लागायच्या आधी वाचतं.

आपल्या जिल्ह्यात मात्र इस्रायलहून काही मागवावं लागत नाही. स्क्रीनशॉट पुरतो. भावकीच्या ग्रुपवर बांधाच्या भांडणाचा निरोप टाका. चहा गार व्हायच्या आत तो विरुद्ध पार्टीच्या ओसरीवर असतो, कुलपासकट.

ग्रुपचे अ‍ॅडमिन असाल तर एक दिलासा: सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला अ‍ॅडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च 2021 मध्ये सांगितलंय.

पाचवा धडा, फक्त प्रगत विद्यार्थ्यांसाठी

निजामाच्या राज्यात, आपल्या पणजोबांच्या काळी, गश्ती निशाण 53 होती. गश्ती म्हणजे परिपत्रक. परवानगीशिवाय सभा घ्यायची नाही. तेव्हा पाळत ठेवायला माणूस लागायचा, आणि गावात नवा माणूस येऊन पारावर बसला की कुत्रीसुद्धा ओळखायची.

आता तुमचा फोन ऐकायचा तर गृहसचिवाचा लेखी हुकूम लागतो. तो साठ दिवस चालतो, वाढवत नेला तरी 180 दिवसांच्या पुढं जात नाही, आणि आढावा समितीनं तो तपासायचा असतो. समितीत सगळे सरकारी अधिकारीच. कधीमधी न्यायालय जागं होतं: ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका व्यावसायिकाचा फोन ऐकण्याचे तीन हुकूम रद्द केले आणि नोंदी नष्ट करायला सांगितल्या, कारण सार्वजनिक सुरक्षेचा त्यात काही संबंधच दिसला नाही.

मोठ्या माणसांची तऱ्हा निराळी. काँग्रेस नेते नाना पटोले यांनी 2021 मध्ये विधानसभेत आरोप केला की त्यांचा फोन अमजद खान या नावानं टॅप होत होता. पुढे गुन्हे दाखल झाले, 2023 मध्ये उच्च न्यायालयानं ते रद्दही केले. खरंखोटं ज्याचं त्याला ठाऊक. पण आरोप खरा धरला तर ऐकणाऱ्यानंही नाव झाकण्याची दक्षता घेतली म्हणायची. मास्क्ड आधारचीच ती कल्पना. तुमच्याआमच्या फोनला असं टोपणनाव मिळण्याचा संभव कमी. आपलं सगळं आपण आधीच पिशवीत घालून, साक्षांकित करून, तीन प्रतींत देऊन बसलोय.

तरी निदान एवढं करा. झेरॉक्सवर आडवी रेघ मारून कशासाठी दिली ते आणि तारीख लिहा, ही पेनाची शाई कुठल्याही खिडकीवर चालते. व्हॉट्सअ‍ॅपच्या बॅकअपला कुलूप लावा. आणि दुकानात पहिली प्रत काळी आली, दुसरी तिरपी आली, तिसरी नीट आली, की त्या पहिल्या दोन मागून घ्या. परवा बसस्थानकाबाहेर मी शेंगदाणे घेतले, पुडी उलगडली तर आत एका आजोबांचा आधारवरचा फोटो, जन्मतारीख, गाव आणि सगळे बारा आकडे. बाद प्रतीचेही पैसे तुम्हीच दिलेले असतात.