आधी मांडव, मग वेल

आबांच्या परड्यात शिरताना आधी वाकावं लागतं, मग डावीकडं सरकावं लागतं आणि मग जागच्या जागी उभं राहून पुढची सूचना ऐकावी लागते. "थांबा. पाय उचला. तिथं ताण आहे." ताण म्हणजे तार. ती शेवग्याच्या बुंध्यापासून निघून न्हाणीच्या भिंतीतल्या खुंटीला जाते आणि घोट्याच्या उंचीवर असल्यामुळं नवख्या माणसाला दिसत नाही. पहिल्यांदा येणारा पाहुणा दोन्ही हात पुढं करून आत येतो. आबांना वाटतं, नमस्कार करतोय. तो बिचारा तोल सावरत असतो.

आबा सांगोल्यातले निवृत्त वायरमन. २००५ साली वीज मंडळाचे भाग पडून महावितरण वगैरे कंपन्या झाल्या, पण आबा अजून "मी बोर्डात होतो" असंच सांगतात. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला तारांवर आलेल्या फांद्या छाटायच्या आणि खांबावर चढलेले वेल ओरबाडून काढायचे, हे त्यांचं नोकरीभराचं काम. निवृत्त झाले, सत्काराचा नारळ घरी आला, आणि नारळ फोडायच्या आधी आबांनी परड्यात खांब रोवून तार ओढली. कशाला? तर वेल चढवायला. हा सूड म्हणायचा की प्रायश्चित्त, यावर गल्लीत दोन मतं आहेत. काकींचं तिसरं. "कसलं काय! ह्यांना तार वडल्याबिगर घास उतरत न्हाई."

चारचौघं आधी बी टोकतात, वेल वर येतो, जमिनीवर लोळायला लागतो, आणि मग काठीची शोधाशोध सुरू होते. आबांचं उलटं. आधी मांडव. खड्डे, खांब, आडवे बांबू, उभ्या सुतळ्या, चारी कोपऱ्यांना ताण, सगळं झालं की आबा दोन पावलं मागं जाऊन एक डोळा मिटून बघतात. मग कुणीतरी विचारतं, "आबा, यावर काय सोडणार?" तेव्हा ते पहिल्यांदा त्याचा विचार करतात. एक मांडव तर अख्खा पावसाळा नुसताच उभा होता. रस्त्यानं जाणारे विचारायचे, "लगीन कुणाचं?" शेवटी शेजारच्या उकिरड्यावरचा एक दुधी आपल्या मनानं कुंपण ओलांडून आला आणि मांडवाच्या खांबाला बिलगला. आबांनी घरात वर्दी दिली, "लाईन चार्ज झाली!"

त्यांचा शब्दसंग्रह बोर्डातला तो बोर्डातलाच राहिला आहे. दोन काठ्यांमधलं अंतर म्हणजे 'गाळा'. फळं जास्त लागली की 'लोड आला'. वेल वाळला की 'फॉल्ट', आणि तो शोधायला बुंध्यापासून शेंड्यापर्यंत बोट फिरवत जायचं, जशी लाईन तपासतात तशी. नवी तार बांधताना ते मुद्दाम थोडी सैल सोडतात. तिला झोळ म्हणतात. तार उन्हाळ्यात वाढते, थंडीत आखडते. उन्हाळ्यातच ताणून बांधली तर डिसेंबरात खांब ओढेल, हे त्यामागचं शास्त्र. बोर्डाच्या तारेला ते लागू आहेच. काकींच्या कपडे वाळत घालायच्या दोरीलाही ते का लागू असावं, हे काकींना आजवर पटलेलं नाही, कारण झोळामुळं लुगड्याचा काठ मातीला लागतो.

मात्र एक कबूल करायला हवं. या माणसाला वेलाची नस कळते. घेवडा स्वतःच पीळ घालत वर जातो, त्याला नुसती काठी दाखवली की पुरते. दोडका, काकडी, कारलं हे तणाव्यांनी धरतात, आणि तणाव्याला जाड खांब कवेत घेता येत नाही, त्याला सुतळीच द्यावी लागते. टोमॅटोला यातलं काहीच येत नाही. तो वाढतो आणि आडवा होतो, म्हणून त्याला बांधणं आलं. ते बांधणंही आवळून नाही. जुन्या लुगड्याची चिंधी घ्यायची, काठी आणि खोड यांच्यामधून आठच्या आकड्यासारखी फिरवायची, म्हणजे खोड काठीला घासत नाही आणि पुढं जाड व्हायला जागा राहते. हा आठचा आकडा आबा येणाऱ्या प्रत्येकाकडून गिरवून घेतात. गॅसची टाकी घेऊन येणाऱ्या पोराला येतो. कुरिअरवाल्याला येतो. गल्लीत एका घरी मुलगी बघायला आलेला नवरामुलगा चुकून आबांच्या फाटकातून आत आला. तोही शिकूनच बाहेर पडला.

खिशात पक्कड कायम. लग्नाला जाताना इस्त्रीच्या सदऱ्याच्या खिशातही. मंगलाष्टकं चालू असताना सगळ्यांच्या नजरा अंतरपाटाकडं असतात, आबांची नजर शामियान्याच्या कोपऱ्यातल्या दोरीवर. "ताण कमी आहे," असं शेजारच्याच्या कानात सांगून ते हळूच उठतात. अक्षता संपेपर्यंत दोरीला गाठ पडलेली असते आणि आहेर द्यायचा राहिलेला असतो.

आता मालाविषयी. आबांच्या मते जगात टाकाऊ असं काही नाही, फक्त त्याला लागणारा वेल अजून उगवलेला नाही. "टाकू नका, लागतंय," हे त्यांचं ब्रीद. त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या आहेत, मोडक्या बाजेच्या पाट्या आहेत, टेबलफॅनच्या जाळ्या आहेत (एकीवर गोकर्ण सुखानं नांदतो), दवाखान्यातून आणलेल्या सलाईनच्या रिकाम्या बाटल्या आहेत. या बाटल्या कढीपत्त्याच्या शेजारी काठीला उलट्या टांगलेल्या असतात. आमच्या अवर्षणग्रस्त माणदेशात थेंबानं पाणी देणं ही काही गंमत नव्हे. तरी संध्याकाळच्या उजेडात ते परडं पाहिलं की सगळी रोपं ॲडमिट आहेत असंच वाटतं.

बांबू आणि ठिबकच्या जुन्या नळ्या यांची मात्र त्यांच्याकडं रास आहे, आणि ती कुठून आली हे सांगताना आबांचा आवाज उतरतो. सांगोला म्हणजे डाळिंब. फळं धरली की फांद्या वाकतात, म्हणून बागेत झाडागणिक बांबू आणि सुतळी लागते. डिसेंबर २०२० मध्ये देशातली शंभरावी किसान रेल सांगोल्यातून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला सुटली, तेव्हा स्टेशनवर केवढी गर्दी! आणि त्याच सुमाराला खोडकिडा आणि मर रोगानं तालुक्यातल्या बागा वाळायला लागल्या. लोकांनी उभी झाडं उपटून बांधावर टाकली. बांबू आणि नळ्या बेवारशी झाल्या. आबा ओळखीच्या शेतकऱ्यांकडून एकेक मोळी आणत. फुकट कुणाचीच घेतली नाही; "पडलेल्या बागेतला बांबू फुकट घिऊ ने," एवढंच म्हणाले. त्या नळ्यांची त्यांनी कमानी वाकवून रोपवाटिकेची चौकट केली, उरलेल्यांचे तुकडे उभे चिरून तारेवर चढवले, म्हणजे वेलाला तार कापत नाही. कामाची गोष्ट आहे. करून बघा.

डाळिंबावरून आठवलं. सोलापूरच्या डाळिंबाला जीआय मानांकन मिळाल्याची बातमी मी त्यांना वाचून दाखवली. भौगोलिक मानांकन म्हणजे काय, ते सांगायला तोंड उघडलं तोवर आबांनी चष्मा वर केला. "जीआय? कोणती, आठ गेजची की दहाची?" त्यांच्या जगात जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली तार, दुसरं काही नाही. पुढं गल्लीतले चौघंजण सोलापूरजवळ केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात गेले, तेव्हा आबाही गाडीत चढले. बाकीच्यांनी तेल्या रोगाचं विचारलं, छाटणीचं विचारलं, बहार कधी धरायचा ते विचारलं. आबांनी विचारलं, "सायब, हा शेडनेटचा खांब किती फूट गाडलाय?" उत्तर त्यांनी डायरीत लिहून घेतलं. येताना गाडीत सर्वांत समाधानी तेच होते.

दर रविवारी सांगोल्यात जनावरांचा बाजार भरतो. खिलार बैल, माणदेशी मेंढरं, लांबलांबचे व्यापारी. आबांकडं जनावर नाही आणि घ्यायचा विचारही नाही. तरी बाजार चुकत नाही, कारण तिथं दोरखंडवाले बसतात. कासरा, दावं, म्होरकी हातात घेऊन, पीळ उलगडून, ताणून बघत आबा तासभर घालवतात. एका विक्रेत्यानं विचारलं, "म्हस कितव्या येताची हाय?" आबा म्हणाले, "म्हस न्हाई. तोंडल्याला पायजे." त्या माणसानं दावं परत हातात घेतलं, आबांकडं बघितलं आणि पाच रुपये कमी केले. आबा म्हणतात, घासाघीस केली म्हणून. मला वाटतं, दया आली म्हणून.

वळवाचा पाऊस ही आबांची वार्षिक परीक्षा. मे महिन्यात दुपारी ढग भरून आले, वावटळ उठली, की आम्ही खिडक्या लावतो. आबा पक्कड घेऊन परड्यात जातात. गेल्या खेपेचं वारं भलतंच होतं. पत्रे उडाले, शेवग्याची फांदी आली. सकाळी आबा सगळ्यांना बोलावून दाखवत होते: मांडव जागचा हललेला नव्हता. एक गाठ सुटलेली नव्हती. फक्त ज्या न्हाणीच्या भिंतीला त्याचा ताण बांधला होता, ती भिंत मांडवाच्या बाजूला येऊन पडली होती. काकी कमरेवर हात ठेवून उभ्या. आबा म्हणाले, "भिंतीचं काम कच्चं हुतं." पुढं न्हाणीची भिंत नव्यानं बांधली तेव्हा गवंड्याला त्यांनी आधी हूक बसवायला लावले आणि मग विटा.

२०२२ साली आमच्या तेव्हाच्या आमदारांच्या 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' या फोनवरच्या बोलण्यानं सांगोल्याचं नाव महाराष्ट्रभर झालं. तेव्हापासून परगावी कुठंही सांगोल्याचा म्हणून ओळख दिली की समोरचा हेच ऐकवतो आणि आपण पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसायचं असतं. आबा हसत नाहीत. त्यांची तक्रार तात्त्विक आहे. "झाडी झाडी म्हंत्यात. झाडीला आधार कुणी दिला, ते एक जण इचारंना!"

काकी सगळ्याचा हिशेब ठेवतात. त्यांच्या हिशेबानं परड्यातला दोडका बाजारच्या तिप्पट भावाचा पडतो, आणि त्यात न्हाणीची भिंत धरलेली नाही. पण हा हिशेब त्या मांडवाखालीच बसून सांगतात. भर उन्हाळ्यात गल्लीत सावली तेवढीच आहे. डाळ निवडायला, पापड घालायला, दुपारी नातवाला घेऊन पडायला सगळ्या आयाबाया तिथंच येतात, आणि जाताना प्रत्येकीच्या पदरात चार दोडके पडतात. काकी ते देतात आणि आबांना दिसणार नाही असं देतात. आबांना दिसतं. ते वर तारेकडं बघत राहतात.

तुमच्याही ओळखीत असा एखादा आबा असेलच. तुमच्या कुंडीतलं रोप जरा कललेलं दिसलं की त्याच्या हातातला चहा गार होतो. त्याला अडवू नका. काठी लावून देईल, आठचा आकडा शिकवील आणि जाताना तुमची एक काठी घेऊन जाईल. ती परत मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्या आबांना सध्या मोडक्या छत्र्यांच्या काड्या हव्या आहेत, हिवाळ्यात वाटाण्याला लावायला. कापड नको, दांडा असला तर उत्तम. सांगोल्याला येणं झालं तर घेऊन या. परड्यात शिरताना पाय तेवढा उचला.