दोन देव आणि दहावीचं गणित

बेर्शेवा

ती. आईस,


गेल्या शुक्रवारी आम्ही दोघं दिमोनाला गेलो होतो. अलिबागच्या इस्रायल आळीतली माझ्या बाकावरची मैत्रीण, जिला तू ‘खादाड’ म्हणायचीस, ती तिथे असते. दोघी अशा सुटलोय की ओळखच पटेना. ती “अगं भवाने!” म्हणाली तेव्हा पटली.

शाळेत आम्ही दोघी घरच्या सोवळ्याला नाकं मुरडायचो. आता तिच्याकडे मटणाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी. शुक्रवारी दिवस मावळला की शब्बाथ. मग गॅसला, दिव्याला हात लावायचा नाही. मला सांगायचंही नाही. म्हणून ती भिंतीकडे बघत म्हणाली, “किती काळोख पडलाय बाई!” मी मुकाट उठून बटण दाबलं. तू सोवळ्यात असताना “कुणाचं तरी दूध उतू जातंय” असं हवेत ओरडायचीस, तसंच.

शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून आपल्याकडे या बेने इस्रायल लोकांना शनवार तेली म्हणत; इथे बससुद्धा बंद! आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ सुटतो. तुझे जावई गॅलरीत मान वर करून उभे. दोन सापडले, तिसरं विमान निघालं.

रात्री त्यांच्या प्रेषिताच्या, एलियाहू हनबीच्या नावाने मलिदा झाला: पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. नेमकी माझी एकादशी. मी फळं वेचली, पोहे खादाडने संपवले. “तुझा देवावर विश्वास आहे का गं?” तिने विचारलं. म्हटलं, “त्याचं नक्की नाही, पण आईला फार घाबरते.” ती म्हणाली, “माझंही तेच.”

तेवढ्यात तिची आई आतून म्हणाली, “नवस तर दोघींचे केलेत.” आई, हे काय ऐकते मी? दहावीच्या गणितासाठी तू माझा नवस खंडाळ्याच्या खडकावर, एलियाहूच्या रथाच्या खुणांपाशी बोललीस? आणि मावशींनी तिचा कनकेश्वराला? दोघी पास झालो खऱ्या, पण कोणाला कोणी पास केलं?

माझा नवस फेडलास का, ते कळव. तिचा राहिलाय. तुझे गुडघे दुखतात, तेव्हा कनकेश्वराच्या पायऱ्या दादाला चढायला लाव. नारळाचे पैसे ती देणार आहे, पण माझ्या मलिद्याचे वजा करून.

तुझी,
ठमी