बारावा गडी

मॅच किती मोठी आहे हे आप्पांना तोंडाने विचारायची गरज नसते. चुरमुरे किती आणले ते बघायचं. आयपीएलला पाव किलोसुद्धा नाहीत, रोज मरे त्याला कोण रडे! पाकिस्तानबरोबर असेल तर पिशवीभर. आणि वर्ल्ड कपची फायनल असली की आप्पा नव्या पेठेतून सायकलच्या कॅरिअरला पोतंच बांधून आणतात.

सूतगिरणीतून निवृत्त झालेले असे आप्पा सोलापुरात गल्लीगणिक एखादे तरी सापडतील. आमच्या आप्पांकडे मॅचच्या दिवशी निम्मी गल्ली असते. खाली चादर (सोलापुरीच, हे सांगायला नको), तिच्यावर जुने पेपर आणि पेपरांवर पत्रावळी. बशा कपाटातच राहतात. नळाला पाणी दिवसाआडसुद्धा येत नाही. वीस जणांच्या बशा विसळून पिंप रिकामं करणं काकूंना मंजूर नाही.

बसायच्या जागा आप्पा ठरवतात. "का बे, पंख्याखाली काय करलालास? मागची विकेट पडली तेव्हा तू दारात हुतास. जा की दारात!" बिचारा उठतो. विकेट पडली तर तो रात्रभर दारातच.

खाण्यात मात्र हा माणूस कलावंत. त्यांची खासियत म्हणजे भाकरीचा पिझ्झा. ज्वारीची कडक भाकरी, तिच्यावर घट्ट दही, बारीक कांदा, मुठीने भुरभुरलेली शेंगा चटणी आणि वरून डाळिंबाचे दाणे. चटणी उखळात कुटलेलीच हवी. शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ कुटता कुटता तेल सुटून गोळा व्हायला लागला की झाली. मिक्सरमधल्या चटणीला आप्पा 'भुकटी' म्हणतात. हा पिझ्झा दोन मिनिटांत मऊ पडतो, म्हणून तो फक्त ओव्हर संपल्यावर बाहेर येतो. ओव्हर चालू असताना हात पुढे केलेला चालत नाही. उरलेल्या चटणीत तेल, कांदा आणि चुरमुरे कालवले की दुसरा पदार्थ तयार. लसूण कोण सोलतं हे विचारू नये. काकू सोलतात, आणि आप्पा "आपण केलं" म्हणतात.

तिसरी सुशीला. चुरमुरे भिजवायचे, लगेच घट्ट पिळायचे, फोडणीत टाकायचे, वर डाळ्याचं कूट. दहा मिनिटांचं काम, पण चुरमुरे एकदा पाण्यात पडले की थांबता येत नाही. थांबलं की लगदा. आप्पांच्या क्रिकेटप्रेमाची शोकांतिका इथेच आहे. 29 जून 2024 ला, टी-20 वर्ल्ड कपच्या फायनलला, दक्षिण आफ्रिकेला 30 चेंडूंत 30 धावा हव्या होत्या. सगळ्यांनी माना टाकल्या. आप्पा म्हणाले, "हरलं तरी पोटाला लागतंयच की," आणि आत गेले. शेवटच्या ओव्हरला सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला तेव्हा आप्पांच्या दोन्ही मुठींत ओले चुरमुरे होते. घर दणाणलं, ते "काय झालं बे?" करत तसेच धावत आले आणि रिप्ले बघितला. पिळलेलं पाणी कोपरावरून चादरीवर ठिबकत होतं.

पराभवाची कारणं त्यांना स्वयंपाकघरातच सापडतात. 2023 च्या वर्ल्ड कपच्या अहमदाबादच्या फायनलला पुतण्याने पुण्याहून नाचोज आणि वितळलेलं चीज आणलं. भारत 240, ऑस्ट्रेलियाच्या एकट्या हेडच्या 137. तज्ज्ञ खेळपट्टीवर बोलत राहिले. आप्पांनी चीजवर आजन्म बंदी घातली. यशाचं श्रेयही स्वयंपाकघरालाच. पॉली उम्रीगर लहानपणी सोलापुरात होते, याचा त्यांना अभिमान आहे. भारताचं कसोटीतलं पहिलं द्विशतक उम्रीगरांचं, आणि ते शेंगा चटणीवरच झालं असणार, अशी आप्पांची खात्री. पुराव्याची त्यांना कधी गरज भासली नाही.

2 नोव्हेंबर 2025 ला, महिलांच्या वर्ल्ड कपच्या फायनलला, काकू दुपारीच टीव्हीसमोर बसल्या. "अहो, आज मी बघणार. लसूण तुम्ही सोला." पावसाने मॅच लांबली, तरी काकू हलल्या नाहीत. आप्पांनी आयुष्यात प्रथमच सगळं एकट्याने केलं, म्हणजे सगळंच उशिरा. शतक ठोकून उभी असलेली दक्षिण आफ्रिकेची वोल्वार्ट उंच मारायला गेली तेव्हा ते आत लसणाच्या सालींत होते. आरडाओरडा ऐकून बाहेर आले, तर काकू हातात लिंबू घेऊन अमनज्योतचा झेल करून दाखवत होत्या: एकदा निसटला, परत निसटला, तिसऱ्यांदा धरला!

आप्पांनी झेलाबद्दल काहीच विचारलं नाही.

"त्या वक्ताला तोंडात काय हुतं तुझ्या?"

"काय असणार? तुम्ही अजून काही आणलंय का बाहेर?"

आप्पा विचारात पडले. मग दारातल्या पोराला म्हणाले, "पत्रावळी उचल बे. मॅच संपेपर्यंत कुणाला काय मिळणार नाही."